तापल्यावर काय केलं?

नाना, कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून गुरुजी मागे सरकतात न सरकतात तोच वरच्या तारेवरून एक खाली आला, भाताला चोच लावली आणि उडून गेला. रामकुंडावर जमलेले सगळे सुटल्यासारखे झाले. कोणीतरी म्हणालं, "नानांचं मागं काही राहिलं नव्हतं बघा." सिंधूवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. आणि मी तुमच्यावर चिडलो. खरंच सांगतो, चिडलो. दहा दिवस मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. कावळा शिवला नाही की घरची माणसं, जवळची माणसं पुढे होतात, हात जोडतात, गेलेल्याला शब्द देतात. तसं झालं की मीही पुढे होणार होतो आणि सगळ्यांदेखत, माझ्या थोरल्या भावादेखत, ते वाक्य तुम्हाला सांगणार होतो. बारा वर्षं ते माझ्या पोटात आहे. तुम्ही दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? पण कोणाचा खोळंबा करणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

तुमची माझी गाठ पडली ती वाफेतच. मी तेव्हा नुकता बी.ए. झालेलो. नोकरी मिळत नव्हती आणि मखमलाबादच्या मळ्यात थोरल्या भावाच्या, अण्णांच्या हाताखाली कोबी नि झेंडू करायचा वैताग आला होता. अण्णांच्या मागे लागून लागून एक जुनी डिझेल जीप घ्यायला लावली आणि नाशिक-सुरगाणा सीटा भरायला लागलो. तिसऱ्याच आठवड्यात ती वाफ सोडत दिंडोरी रोडला तुमच्या उंबराखाली येऊन उभी राहिली. पत्र्याची शेड, रेडिएटर बुडवून बघायला केलेला पाण्याचा हौद, आणि स्टुलावर तुम्ही, अंगात बिनबाह्यांचा बनियन. मी सगळं रामायण सांगायला सुरुवात केली. कुठून निघालो, किती माणसं होती, चढ कुठला, तापमानाचा काटा कधी वर गेला. तुम्ही रॉकेलच्या फडक्याला हात पुसत ऐकून घेतलंत.

"ते जाऊ दे. तापल्यावर काय केलं?"

"म्हणजे?"

"काटा वर गेला, वाफ निघाली. मंग तू काय केलं?"

"काही नाही. थांबवली."

"लगेच?"

"थोडं पुढं हॉटेल होतं. तिथपर्यंत आणली."

"आणि झाकण उघडलं."

"हो."

"आणि गार पाणी ओतलं."

तुम्ही उठलात. "आता कळलं कुठं बघायचं ते," एवढंच म्हणालात आणि बॉनेट वर केलंत. गार पाणी पडून इंजिनच्या हेडला चीर गेली आहे का, ते तुम्ही आधी बघितलंत. नशिबाने गेली नव्हती. पुढे कधीतरी तुम्ही मला समजावलंत की तापायच्या आधीचं सगळेच सांगतात, हौसेने सांगतात. तापल्यावर मात्र माणूस घाबरतो, घाबरून काहीतरी करून बसतो, आणि नेमकं तेच गाळतो. म्हणून तुम्ही प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारायचात, मग तो ट्रॅक्टरवाला असो, नाहीतर सटाण्याहून कांदा घेऊन येणारा तुमच्या गावचा ट्रकवाला. खरं सांगणाऱ्याला तुम्ही कधी रागावला नाहीत. कितीही गाढवपणा केलेला असो.

त्या दिवशी मी कुठेतरी बी.ए. झाल्याचं बोलून गेलो, आणि तेव्हापासून मला नाव उरलं नाही. "आला का बीए?" "बीएला चहा द्या." तुमच्यामुळे माझ्या लग्नाच्या अहेराच्या पाकिटावरही कोणीतरी 'चि. बीए' असं लिहिलं होतं. मंदा अजून हसते.

मी काही तुमचा शिष्य नव्हतो, पण भाडं नसलं की येऊन बसायचो. तुम्ही सगळ्यांत आधी रेडिएटरचं झाकण बघायचात. त्याची स्प्रिंग गेली की पाण्याला दाब राहत नाही आणि ते लवकर उकळतं. माणसं इंजिन उघडायच्या तयारीने, तोंडं पाडून आलेली असायची आणि तुम्ही नुसतं झाकण बदलून परत पाठवायचात. झाकणाने भागलं नाही तर मग पाइप. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गार लागतोय, म्हणजे पाणी फिरत नाही. दोन्ही सारखेच कढत, म्हणजे पाणी फिरतंय पण जाळीतून वारा जात नाही. ऑइलची पट्टी काढून बघायचात. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की तुमचा चेहरा उतरायचा, कारण मग पाणी आत गेलेलं असायचं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचात. हे सगळं करताना तुम्ही बोलायचा नाहीत आणि दुसऱ्या कोणी बोललेलं खपवून घ्यायचा नाहीत.

माझी जीप मध्यंतरी फक्त सुरगाण्याच्या बाजाराच्या दिवशीच तापायची, आठवतंय? मी म्हटलं, वजनाने तापते. तुम्ही म्हणालात, वजनाने तापते तर वऱ्हाड भरल्यावरपण तापली पाहिजे. शेवटी तुम्ही गॅरेज बंद करून स्वतः माझ्यासोबत सुरगाण्याला आलात. परतीच्या वेळी मी नेहमीसारखा पुढच्या बंपरवर नागलीची दोन पोती बांधत होतो. त्यावर एकाची कोंबड्यांची पाटी. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात. रागावलात किंवा लाड आले की तुम्ही अहिराणीवर यायचात, तसे आलात.

"हाई काय शे?"

"सामान. वर कॅरिअरला जागा नाही."

"आरे, गाडीना नाक बांधी टाकं तू! तिनं श्वास कठून लेवाना?"

सगळा स्टँड हसला. पोती वर गेली, वरची दोन माणसं आत कोंबली, आणि कोंबड्यांची पाटी वणीपर्यंत तुम्ही मांडीवर घेऊन बसलात. काटा जागचा हलला नाही. कोंबड्यांनी तुमच्या पायजम्याचं जे केलं त्याबद्दल तुम्ही कुरकुर केली नाहीत, पण ही गोष्ट पुढे वर्षभर येईल त्याला सांगितलीत.

आणि आपलं ते थर्मोस्टॅटचं भांडण. आमच्या सुरगाणा लाइनला एकाही गाडीत थर्मोस्टॅट नव्हता. गाडी तापते ना, मग पाणी अडवणारी ती वाटीच काढून टाका, असं सगळे करायचे. मीही तुम्हाला काढायला लावला. तुम्ही समजावून थकलात. गार इंजिनही आजारीच असतं, डिझेल जास्त पितं, आतून झिजतं, असं म्हणालात. तुमच्या घरी सिंधूवहिनींच्या चहाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट उकळून तो कसा उघडतो ते दाखवलंत आणि त्यावरून वहिनींच्या शिव्या खाल्ल्यात. मी हटलो नाही. "ठीक शे," म्हणालात आणि काढलात. मग मी दोन वर्षं स्टँडवर छाती पुढे काढून सांगत फिरलो की बघा, थर्मोस्टॅटशिवाय गाडी किती झकास चालते. एकदा तुमच्यासमोरच सांगितलं. तुम्ही चहा पिता पिता शांतपणे म्हणालात, "बीए, तो आतच शे. पुढल्या आठवड्यातच परत बसवला होता." तुमच्याशी मी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी फॅनचा पट्टा तुटला.

अशा माणसाशी मी खोटं बोललो.

तो घडलेला प्रकार मी आजवर कोणालाच सांगितलेला नाही, मंदालासुद्धा नाही. जीप घेऊन तिसरं वर्ष होतं. तुम्ही नुकतंच तिचं हेड उतरवून त्याखाली पाणी अडवणारं नवीन गॅसकेट बसवलं होतं. तेव्हाच बजावलं होतंत की रेडिएटरची जाळी जुनी आहे, पाणी रोज बघ, कमी व्हायला लागलं तर गाडी इकडे आण आणि पाण्यात काही टाकू नको. अण्णांनी त्याच सुमारास मला निर्वाणीचं सांगितलं होतं. पुन्हा इंजिनचं काम निघालं तर जीप विकायची आणि मी मुकाट्याने मळ्यात यायचं. सिन्नरहून मंदाचं स्थळ आलं होतं. तिच्या घरच्यांनी होकार दिला होता तो स्वतःची जीप असलेल्या मुलाला. कोबी काढणाऱ्या धाकट्या भावाला त्यांनी विचारलं नसतं. हे सगळं मी तुमच्या स्टुलाशेजारी बसून तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "मग गाडी जप."

दहा-बारा दिवसांनी लग्नाच्या माणसांनी भरलेली जीप घेऊन मी सुरगाण्याकडे निघालो. वणीच्या पुढे चढाला काटा वर गेला आणि जाळीतून पाण्याची बारीक चिळकांडी दिसली. मी खाली उतरलो. मागे नवरीकडची माणसं खोळंबलेली, मुहूर्ताची घाई. घाईत झाकण उघडलं तेव्हा उकळतं पाणी मनगटावर आलं. ओढ्यातून गार पाणी आणून ओतलं, पण भोकातून ते तसंच वाहत होतं. आमच्या लाइनला यावर एक उपाय सगळ्यांच्या तोंडी होता, पाण्यात हळद टाकायची. हळद फुगते आणि भोक बुजतं. मी मोठ्याने विचारलं, कोणाकडे हळद आहे का? मागे बसलेल्या एका म्हातारीने पिशवी पुढे केली.

"घे बाबा, हलद. पोरीचे लग्नाची आहे, पन घे. टायमावर पोचीव."

मी दोन मुठी टाकली. भोक बुजलं. लग्न वेळेवर लागलं आणि मला जेवणाचा मान मिळाला. तुमच्याकडे यायला हवं होतं. पण आलो असतो तर तुम्ही काय टाकलं म्हणून विचारलं असतं, मग रेडिएटर उतरवलं असतं, गाडी दोन दिवस उभी राहिली असती आणि अण्णांना कळलं असतं. आठ दिवस तशीच चालवली. नवव्या दिवशी बोरगावच्या घाटात काटा परत चढला. माथा अगदी समोर दिसत होता, म्हणून रेटली. माथ्यावर पोहोचायच्या आत इंजिन आवळलं आणि बंद पडलं ते पडलंच.

मग मी जे केलं ते आठवलं की अजून माझी मलाच शिसारी येते. गाडी ओढून न्यायला ट्रॅक्टर यायचा होता. तोवर मी रेडिएटर सोडवलं, जवळच्या हापशावर नेलं आणि स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत धुतलं. पिवळं पाणी नालीतून वाहत गेलं. ते वाहून गेलं तसं सगळंच गेलं असं मी मानून घेतलं. एवढे दिवस तुमच्याजवळ बसून जाळीच्या नळ्या किती बारीक असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही.

जीप तुमच्या दारात आली. तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत. आधी माझ्याकडे बघितलंत.

"तापल्यावर काय केलं?"

"थांबवली. निवू दिली. काही केलं नाही."

"पाण्यात काही टाकलं?"

"नाही, नाना."

"हाताला काय झालं?"

"चहा सांडला."

तुम्ही पुढे विचारलं नाहीत. एखादा ड्रायव्हर थापा मारायला लागला की तुम्ही त्याला तिथल्या तिथे उलटा-सुलटा विचारून सोलून काढायचात. मला नाही सोललंत. मला वाटलं, पटलं तुम्हाला. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. अण्णांचा राग तुम्हाला माहीत होता. शेडमध्ये सुरगाणा लाइनचे पाच-सहा ड्रायव्हर बसलेले होते. त्यांच्यादेखत अण्णा तुम्हाला बोलले, "महिनाभर नाय झाला गॅसकेट बसवून. डोळे मिटून काम करता का? तुमच्या कांद्याच्या ट्रकवाल्यांना गंडवा, आमाला नका गंडवू." मी जीपच्या चाकाशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडत होतो, पण समोर अण्णा दिसत होते, आणि सिन्नरचं ते घर, आणि मळा. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. मग अण्णांना म्हणालात, "असंल. बसवताना माझंच काही राहिलं असंल. मी करून देतो."

तुम्ही. ज्यांच्या हातचं गॅसकेट कधी परत आलं नाही, ते तुम्ही.

पंधरा दिवस तुम्ही त्या इंजिनवर राबलात. हेड घासून आणलंत, पिस्टन बदललेत, रेडिएटर "गेलं" म्हणून दुसरं बसवलंत. सुरगाणा लाइनला बातमी आधीच पोहोचली होती की नानाचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. ड्रायव्हरांना बोलायला विषयच हवा असतो. एकेक करून ते पेठ रोडच्या नव्या गॅरेजला जायला लागले. तुमच्या उंबराखाली जीपा दिसायच्या बंद झाल्या. ट्रॅक्टर राहिले, तुमच्या सटाण्याकडचे ट्रक राहिले. मी राहिलो. सगळे म्हणायचे, बीए एकनिष्ठ. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मला हळद लागत होती. तुम्ही धुवट सदरा घालून आलात. वाटीत बोट बुडवलंत, माझ्या कपाळाला लावलंत, आणि हसलात. मग डोक्यावर हात ठेवलात आणि जेवायला पंगतीत जाऊन बसलात. मंदाशी माझा संसार झाला, दोन मुलं झाली. एका जीपच्या दोन, दोनच्या चार गाड्या झाल्या. हे सगळं तुमच्या त्या एका 'असंल' वर उभं आहे, नाना. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेलो असतो तर आधी दुसरं म्हणावं लागलं असतं.

संधी काय कमी आल्या? दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचो. आपण दोघंच असायचो. नव्या गाड्यांना तुम्ही नावं ठेवायचात. हिरवं कूलंट, विजेवर फिरणारा पंखा, काट्याच्या जागी नुसता एक लाल दिवा. "सगळं झाल्यावर पेटतो मेला," असं तुम्ही त्या दिव्याला म्हणायचात. मी वाद घालायचो, थर्मोस्टॅटचं जुनं भांडण उकरून काढायचो, तुम्ही हसायचात. मग विचारायचात, "बाकी काय, बीए?" आणि तसेच थांबायचात. मी म्हणायचो, "बाकी सगळं ठीक." आता लक्षात येतंय की दर वेळी तुम्ही किती वेळ थांबायचात.

गेल्या महिन्यात मात्र तुम्ही हद्द केलीत. जिना चढताना दम लागायचा, छातीत धरायचं, हे वहिनींनासुद्धा सांगितलं नाहीत. आख्ख्या जिल्ह्याच्या गाड्यांना प्रश्न विचारणारा माणूस, आणि स्वतःला कोणी काही विचारायच्या आत निघून गेलात. सकाळी शटर उघडायला गेलात आणि तिथेच बसलात, असं वहिनी सांगत होत्या. मी त्या दिवशी कळवणला होतो. मला यायला दुपार झाली. तुमचा चेहरा बघितला आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता हे विचारणार नाहीत. रडू त्यानंतर आलं.

तर आज कावळा शिवल्यावर सगळे रामकुंडावरून तुमच्या गॅरेजवर आलो. दहा दिवस बंद असलेलं शटर वहिनींच्या हाताने उघडायचं होतं. अण्णाही आले होते. त्यांचे केस पार पांढरे झालेत, राग निम्म्यावर आलाय. जुन्या लाइनचे चार ड्रायव्हर आले होते, तेव्हा तुमच्याकडे यायचं सोडलेले. बाहेर चहा चालला होता. वहिनींनी मला आत बोलावलं. मागच्या खोलीत, बाकड्याच्या वर खिळ्याला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं. मी ते वर्षानुवर्षं बघत आलो होतो, विचारलं कधीच नव्हतं. त्यांनी उतरवून बाकड्यावर ठेवलं आणि गोणपाट सोडलं.

रेडिएटर होतं. हॅकसॉने मधोमध कापलेलं. कापलेल्या तोंडातून नळ्या दिसत होत्या आणि निम्म्याअधिक नळ्या वाळून कडक झालेल्या पिवळ्या गाळाने भरलेल्या होत्या.

"तुमच्या जीपचं शे," वहिनी म्हणाल्या. "बाकी सगळं तांबं-पितळ वेळोवेळी भंगारात गेलं, पण हे त्यांनी कधी जाऊ दिलं नाही. म्हणायचे, बीए स्वतःहून सांगेल त्या दिवशी त्याला द्यायचं. मी म्हणायचे, तुम्हीच का बोलत नाही? तर म्हणायचे, मी बोललो तर त्याने सांगितल्यासारखं कसं होईल?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं होतं का तुम्ही त्यांना कधी?"

"नाही, वहिनी."

त्यांनी गोणपाट परत गुंडाळलं. आवाजात राग नव्हता. "मग मी तरी कशी देऊ?"

तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या कपाळाला हळद लावताना ठाऊक होतं. डबा घेऊन आलो, बाकी सगळं ठीक म्हणालो, तेव्हाही ठाऊक होतं. मग तुम्हाला तुमचं नाव गेल्याचं काहीच वाटलं नाही का, हो? वाटलंच असणार. रोज समोर रिकामा उंबर बघत होतात.

मी बाहेर गेलो आणि अण्णांसमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत घोटून ठेवलेलं वाक्य आठवेना, म्हणून जसं आलं तसं बोललो.

"अण्णा, त्या वेळी नानांनी गॅसकेट नीटच बसवलं होतं. मी रेडिएटरमध्ये हळद टाकली होती. त्यांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

एका ड्रायव्हरने चहाचा पेला खाली ठेवला.

"तवाच का नाय बोलला?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही जीप विकली असती."

"विकलीच असती." अण्णा खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मी त्यांना डोळे मिटून काम करता का, असं बोललो व्हतो."

"हो."

"हितंच ना?"

"इथंच."

अण्णा उठले. पायातल्या चपला काढल्या, शटरच्या आत गेले आणि तुमच्या स्टुलासमोर हात जोडून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ते तुमचं आणि त्यांचं.

वहिनींनी ते गोणपाट आणून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, राहू द्या इथेच. त्या म्हणाल्या, नाही, त्यांनी सांगून ठेवलंय. रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आलो. मंदाने दारातच विचारलं, हे काय? तिलाही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आता ते रेडिएटर माझ्यासमोर टेबलावर आहे आणि त्याला अजून हळदीचा बारीक वास येतो, का मलाच तसं वाटतंय, कोण जाणे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलंय. ते तुम्हालाच द्यायचं होतं, तुम्ही समोर असताना. आता असं देतो.

वणीच्या पुढच्या चढाला काटा वर गेला. झाकण गरम असतानाच उघडलं, हात भाजला. ओढ्याचं गार पाणी ओतलं. एका म्हातारीकडून तिच्या पोरीच्या लग्नाची हळद घेतली आणि दोन मुठी टाकली. आठ दिवस गाडी तशीच चालवली, तुमच्याकडे आणली नाही. बोरगावच्या घाटात काटा परत चढला तेव्हा थांबलो नाही, रेटली. बंद पडल्यावर रेडिएटर हापशावर धुतलं. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणालो, आणि अण्णा तुम्हाला बोलत होते तेव्हा चाकाशी उभा राहून ऐकत राहिलो. तापल्यावर मी हे केलं, नाना.